प्रोसेसर एकच, तरी एक लॅपटॉप दमतो आणि दुसरा का दमत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांनी एक किलोच्या आसपास वजनाचे दोन नवे लॅपटॉप निवडून ठेवले आहेत. दोन्हींतला प्रोसेसर तंतोतंत एकच, रॅम तेवढीच, स्क्रीनही जवळपास सारखी आहे. फरक इतकाच की एक साधारण दोनशे ग्रॅमने जड आणि काही मिलिमीटर जाड आहे. असे असूनही चाचण्यांच्या तक्त्यात हलक्या यंत्राचे आकडे जड यंत्राच्या बरेच खाली दिसतात. हा फरक कशामुळे पडतो, रोज प्रवास करणाऱ्या आणि छायाचित्रे व अधूनमधून लहान व्हिडिओ संपादित करणाऱ्या माणसाने यांपैकी कोणता घ्यावा, आणि त्यापेक्षा हातात धरून वापरण्याचा छोटा पीसीच घेतला तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे. छोटी आणि हलकी यंत्रे तपासणे आणि दुरुस्त करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. पहिल्या प्रश्नावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण तो उलगडला की उरलेल्या दोहोंची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

आजच्या पोर्टेबल प्रोसेसरचे नाव वाचून त्याचा वेग कळत नाही. लॅपटॉप बनवणाऱ्याने त्या प्रोसेसरला सलग किती वॅट वीज वापरू दिली आहे, यावर तो ठरतो. एएमडीचा २०२४ साली आलेला रायझन एआय ९ एचएक्स ३७० पाहा. त्याची मूळ मर्यादा २८ वॅट सांगितलेली आहे, पण लॅपटॉप बनवणाऱ्याला ती १५ वॅटपासून ५४ वॅटपर्यंत कुठेही ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे एका यंत्रात हा प्रोसेसर दुसऱ्या यंत्रातल्या त्याच प्रोसेसरच्या साडेतीन पट वीज वापरत असू शकतो, आणि तरीही दोन्ही खोक्यांवर छापलेले नाव अक्षर न् अक्षर सारखेच असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही या लूनर लेक पिढीच्या प्रोसेसरची मूळ मर्यादा १७ वॅट आणि थोड्या वेळापुरती कमाल मर्यादा ३७ वॅट आहे. या दोन आकड्यांमध्ये नेमके कुठे आणि किती वेळ थांबायचे, हेही शेवटी यंत्र बनवणाराच ठरवतो.

यातला ‘किती वेळ’ हा भाग नीट समजून घ्यायला हवा. इंटेलच्या भाषेत याला पीएल१ आणि पीएल२ अशा दोन मर्यादा आहेत. काम सुरू झाले की प्रोसेसर पीएल२ पर्यंत उसळी घेतो, टाऊ नावाचा ठरावीक काळ संपला की पीएल१ वर उतरतो आणि मग काम संपेपर्यंत तिथेच राहतो. हा काळ बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपास असतो, काही यंत्रांत त्याच्या दुप्पट. एएमडीकडे नावे वेगळी आहेत, पण गोष्ट तीच. ज्या चाचण्या अर्ध्या मिनिटात आटोपतात त्यांत अगदी पातळ यंत्रही झकास गुण मिळवते. दहा मिनिटे चालणाऱ्या चाचणीत मात्र त्याचा खरा दम दिसतो.

माझी पद्धत साधी आहे. प्रोसेसरला पूर्ण जोर लावायला लावणारी सिनेबेंचची चाचणी दहा मिनिटे सलग चालवायची आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या वॅटचा आकडा उघडा ठेवायचा. मध्यंतरी माझ्याकडे आलेल्या एका अतिपातळ यंत्रात तो आकडा सुरुवातीला ३५ वर गेला, पंखा जेमतेम ऐकू येईपर्यंत २४ वर उतरला, चौथ्या मिनिटाला १८ झाला आणि सातव्या मिनिटापासून १४ आणि १५ यांमध्ये घुटमळत राहिला. मालकाची तक्रार अशी होती की यंत्र ‘कधी कधी’ मंद होते. ते कधी कधी मंद होत नव्हते. रोज, ठरलेल्या वेळी, बनवणाऱ्याने आखून दिलेल्या हिशेबाप्रमाणे मंद होत होते. त्यात बिघाड असा काहीच नव्हता, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ‘यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही’ हे गिऱ्हाइकाला पटवणे फार जड जाते.

आता ही मर्यादा घालावी का लागते ते पाहू. प्रोसेसरमध्ये शिरणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. वीस वॅट आत गेले म्हणजे वीस वॅट उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढणे आले. हे काम हीट पाइप करतो. ही तांब्याची चपटी, आतून निर्वात केलेली नळी असते आणि तिच्यात थोडेसे पाणी असते. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपते. थंड टोकाला धातूच्या अगदी पातळ पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्यातून पंखा हवा ढकलतो. यंत्र पातळ करायचे तर नळी जास्त चपटी होते आणि तिची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. जाळीची उंची कमी होते. पंख्याची पातीही बुटकी होतात, म्हणून तेवढीच हवा ढकलायला पंख्याला जास्त वेगाने फिरावे लागते, आणि वेग थोडा वाढला तरी आवाज त्याच्या कितीतरी पटीने वाढतो. काही मिलिमीटर आणि दोनशे ग्रॅम जास्त असलेल्या यंत्रात बहुतेकदा दुसरा पंखा, दुसरी नळी किंवा निदान उंच जाळी मावलेली असते. तक्त्यात दिसणारा फरक बहुधा तिथूनच येतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच समोर ठेवले होते. एकाच दिवशी एकाच एम१ चिपचे दोन लॅपटॉप जाहीर झाले. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नव्हता, तर १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये होता. पाने उघडणे, छायाचित्रे चाळणे, थोडे कोड कंपाइल करणे अशा कामांत दोन्ही यंत्रे हातात हात घालून चालत. मोठा व्हिडिओ एक्सपोर्ट करायला लावला की काही मिनिटांनी एअर वेग आवरता घेई आणि प्रो होता त्याच वेगाने पुढे जात राही. अनेकांच्या वाट्याला असे मोठे काम महिन्यातून एकदाही येत नसल्यामुळे बिनपंख्याचे यंत्र त्यांना मुळीच कमी पडले नाही, हेही तितकेच खरे.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. लोक तापमान पाहतात, प्रोसेसर ७० अंशांवर दिसतो, तो साधारण १०० अंशांपर्यंत चालू शकतो हे त्यांनी वाचलेले असते, आणि तरीही वेग कमी झालेला पाहून यंत्रात दोष असावा असे त्यांना वाटते. पातळ यंत्रात वेग आवरण्याची सूचना पुष्कळदा प्रोसेसरच्या तापमानावरून येतच नाही. ती बाहेरच्या आवरणाच्या तापमानावरून येते. सिलिकॉनला १०० अंश सोसतात, तळहाताला आणि मांडीला ४५ अंशांचा धातूही सोसवत नाही. म्हणून मदरबोर्डवर ठिकठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर बसवलेले असतात आणि कळफलकाखालचा पत्रा तापायला लागला की फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आतच बसवलेले सॉफ्टवेअर, वॅटची मर्यादा खाली ओढते. एएमडीच्या या व्यवस्थेच्या नावातच त्वचेच्या तापमानाचा उल्लेख आहे. पातळ यंत्रात आवरण आणि चिप यांच्यामध्ये हवेचा पापुद्रा जेमतेम उरतो, त्यामुळे हा पत्रा लवकर तापतो. यंत्राखाली पंखा ठेवल्यावर अशा लॅपटॉपचा वेग कधी कधी आश्चर्यकारकरीत्या वाढतो तो यामुळेच: चिप फारशी थंड होत नाही, पत्रा थंड होतो.

पण १५ वॅटचे यंत्र ३० वॅटच्या यंत्राच्या निम्म्या वेगाचे असते, असेही समजू नये. प्रोसेसरला लागणारी वीज ही वारंवारता (सेकंदाला पडणारे ठोके) आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते, आणि जास्त वारंवारता हवी असेल तर व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा वारंवारता २० टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवले, तर १.२ गुणिले १.२१ म्हणजे साधारण ४५ टक्के जास्त वीज लागली. वरच्या टोकाला हा सौदा आणखी महाग होत जातो. उलट बाजूने पाहिले तर वीज निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही. तो पुष्कळच टिकून राहतो. अतिपातळ लॅपटॉप हा प्रकार मुळात शक्य झाला तो या गणितामुळे, आणि म्हणूनच १७ वॅटचा आजचा चांगला प्रोसेसर कार्यालयीन कामात कुणालाही मंद वाटत नाही.

ही तडजोड नवी नाही. तोशिबाने १९९६ साली लिब्रेटो २० हा अवघ्या ८४० ग्रॅमचा, ६.१ इंची स्क्रीनचा आणि विंडोज ९५ चालवणारा पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यात त्या काळचा नवा पेंटियम नव्हता, ७५ मेगाहर्ट्झचा, आधीच्या ४८६ वर्गातला प्रोसेसर होता. असूसच्या २००७ मधल्या ई पीसी ७०१ मध्ये ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन बसवलेला होता, पण तो चालवला जात होता ६३० मेगाहर्ट्झवर. नाव एक आणि प्रत्यक्ष धाव दुसरी, हे तेव्हाही होते. फरक एवढाच की तेव्हा तो एकच स्थिर आकडा होता आणि कुणीही शोधून काढू शकत असे, आता तो दर सेकंदाला बदलतो.

वजनाबद्दल बोलताना सर्वांत आधी बॅटरीकडे पाहावे. लॅपटॉपमधल्या चांगल्या लिथियम सेलमध्ये किलोमागे साधारण अडीचशे वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे ५० वॅट-तासांच्या बॅटरीचे सेलच सुमारे दोनशे ग्रॅमचे झाले. यंत्र हलके करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून बॅटरी कापण्याकडे पाहिले जाते, आणि जाहिरातीत वजन मोठ्या अक्षरांत, तर वॅट-तास शेवटच्या पानावर असतात. फुजित्सूने ६३४ ग्रॅमचा १३.३ इंची लॅपटॉप बनवून दाखवला आहे आणि अभियांत्रिकी म्हणून तो कौतुकास्पदच आहे, पण त्यातली बॅटरी २५ वॅट-तासांची आहे. त्याच्या शेजारी साधारण ९८० ग्रॅमचा आणि ७० वॅट-तासांची बॅटरी असलेला असूसचा झेनबुक ए१४ ठेवला की लक्षात येते की प्रश्न ‘किती हलका’ असा नसून ‘कशाच्या बदल्यात हलका’ असा आहे. आवरणाचा धातूही पाहावा. मॅग्नेशियमची घनता घनसेंटिमीटरला १.७४ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम, म्हणून खरोखर हलकी यंत्रे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची किंवा कार्बन फायबरची असतात. ती हातात घेतल्यावर थोडी प्लास्टिकसारखी लागतात आणि कळफलक मध्यभागी दाबला तर किंचित लवतो. तो कमअस्सलपणा नव्हे, मात्र ज्यांना जड धातूचा थंड स्पर्श म्हणजेच दर्जा वाटतो त्यांची निराशा होते.

बॅटरी किती तास चालेल याचा हिशेब भागाकाराचा आहे. ५७ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ५ वॅटचा वापर असेल तर अकरा तासांहून अधिक. तेच यंत्र व्हिडिओ एक्सपोर्ट करताना एकूण २५ वॅट खात असेल तर सव्वादोन तास. जाहिरातीतले वीस-वीस तासांचे आकडे पहिल्या प्रकारच्या, किंबहुना त्याहूनही हलक्या वापराचे असतात. गेल्या दोनतीन वर्षांतली खरी प्रगती या भागाकाराच्या खालच्या आकड्यात झाली आहे. लूनर लेकमध्ये इंटेलने मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवली, संगणन करणारा भाग टीएसएमसी या तैवानच्या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून ३ नॅनोमीटर प्रक्रियेत बनवून घेतला, प्रोसेसरच्या चार मोठ्या आणि चार छोट्या कोअरपैकी (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांपैकी) हलकी कामे छोट्या कोअरवर ढकलली. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स एलिटने २०२४ मध्ये विंडोजच्या जगात हीच स्पर्धा आर्म बाजूने, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या, फोनमधल्यासारख्या रचनेच्या प्रोसेसरने सुरू केली, मात्र तो घेण्याआधी आपल्या रोजच्या वापरातले प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर त्यावर चालतात की नाही हे एकेक करून तपासावे. प्रोसेसर स्वस्थ असताना एवढी कमी वीज खाऊ लागल्यामुळे आता हलक्या कामात सर्वांत जास्त वीज बहुधा स्क्रीनच खाते. ओएलईडी स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून ती काळ्या पार्श्वभूमीवर कंजूष असते आणि पांढऱ्या कागदावर उधळी. दिवसभर पांढऱ्या पानांवर लिहिणाऱ्याने मागून उजेड असलेली साधी आयपीएस स्क्रीन घेतलेली बरी.

रॅमविषयी माझे मत ठाम आहे. या वर्गातल्या जवळजवळ सर्व यंत्रांत रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते आणि लूनर लेकमध्ये तर ती प्रोसेसरच्या पॅकेजवरच, १६ किंवा ३२ जीबी अशा दोनच मापांत येते. नंतर वाढवता येत नाही. यामागे केवळ ग्राहकाला बांधून ठेवण्याचा हेतू आहे असे म्हणणे अर्धवट ठरेल. एलपीडीडीआर५एक्स ही कमी विजेची मेमरी ८५३३ च्या वेगाने (सेकंदाला ८५३३ दशलक्ष वेळा माहिती पाठवत) चालवायची तर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या तारा अतिशय आखूड असाव्या लागतात. सुट्या पट्टीच्या सॉकेटमधून तो वेग गाठता येत नाही. १२८ बिटांच्या मार्गावर ८५३३ म्हणजे सेकंदाला सुमारे १३६ जीबी, तर ५६०० च्या सुट्या डीडीआर५ पट्ट्यांवर सुमारे ९० जीबी. प्रोसेसरमधलाच ग्राफिक्स भाग याच मेमरीवर जगतो, त्यामुळे हा फरक खेळांत आणि छायाचित्रांच्या संपादनात दिसतो. बदलता येणारी आणि तरी वेगवान अशी एलपीकॅम२ ही पट्टी २०२४ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ मध्ये आली, पण एक किलोच्या यंत्रांत ती अजून रुळलेली नाही. तेव्हा रॅमचा निर्णय खरेदीच्याच दिवशी कायमचा होतो. हे यंत्र पाच वर्षे वापरायचे असेल आणि त्यावर छायाचित्रे संपादित करायची असतील तर ३२ जीबी घ्यावी, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी खुशाल घ्यावा. त्या पायरीचा फरक वॅटच्या मर्यादेखाली बहुतेक दबूनच जातो.

एआयच्या टॉप्सबद्दल, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी क्रिया होतात या मापाबद्दल, थोडक्यात. कोपायलट प्लस पीसी असा एआयचा शिक्का मिळवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने किमान ४० टॉप्सचा एनपीयू (प्रोसेसरमधला खास एआयच्या कामाचा भाग) आणि १६ जीबी रॅम या अटी घातल्या. वर उल्लेख केलेल्या तिन्ही कंपन्यांचे हे नवे प्रोसेसर ती अट पार करतात, त्यामुळे ४५, ४८ की ५० हा वाद खरेदीसाठी निरर्थक आहे. ज्यांना भाषेचे मॉडेल स्वतःच्या यंत्रावर चालवायचे आहे त्यांच्यासाठी अडसर पुन्हा मेमरीचाच असतो. आठशे कोटी पॅरामीटरचे, म्हणजे शिकलेल्या आकड्यांचे, मॉडेल प्रत्येक आकड्याला ४ बिट देऊन साठवले तर साधारण पाच जीबीचे होते आणि शब्दाचा प्रत्येक तुकडा तयार करताना ते जवळपास सगळे मेमरीतून एकदा वाचावे लागते. १३६ भागिले ५ म्हणजे सेकंदाला सत्तावीसच्या आसपास तुकडे, ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. एनपीयूवर कितीही टॉप्स छापलेले असोत, तिच्या पुढे जाता येत नाही.

हातात धरून वापरण्याच्या छोट्या पीसीकडे वळू. खेळांच्या क्षेत्रातल्या व्हॉल्व्ह कंपनीच्या २०२२ मधल्या स्टीम डेकने या प्रकाराला स्थैर्य दिले आणि त्याचे कारण माझ्या मते त्याच्या प्रोसेसरची ४ ते १५ वॅट ही कडक मर्यादा हेच आहे. त्यांनी आकड्यांची हाव धरली नाही. १२८० बाय ८०० ची स्क्रीन ठेवली, म्हणजे तेवढ्या विजेत खेळ धड चालावेत. २०२३ मध्ये आलेल्या असूसच्या आरओजी ॲलायमध्ये प्रोसेसर बराच जास्त ताकदीचा होता, पण बॅटरी स्टीम डेकइतकीच, ४० वॅट-तासांची होती, आणि पूर्ण जोरात खेळताना ती भराभर उतरत असे. पुढच्या वर्षी आलेल्या ॲलाय एक्समध्ये तीच कंपनी थेट ८० वॅट-तासांवर गेली, वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅम झाले. प्रोसेसर तोच ठेवून नुसती बॅटरी दुप्पट केलेले आणि रॅम वाढवलेले यंत्र वापरायला एवढे वेगळे वाटावे, यावरून मूळ अडचण कुठे होती ते कळते.

एक गोष्ट मात्र या यंत्रांच्या बाजूची आहे. त्यांची जाडी लॅपटॉपपेक्षा जास्त असते आणि बोटे टेकतात त्या कडांपासून उष्णतेचा मार्ग दूर, मधल्या भागातून वर काढलेला असतो, त्यामुळे सलग वॅट पेलण्यात ती पुष्कळ अतिपातळ लॅपटॉपांना मागे टाकतात. घरी मोठी स्क्रीन, कळफलक आणि माऊस कायम जोडून ठेवलेले असतील तर असा पीसी टेबलावर उत्तम काम करतो. प्रवासात त्यावर लिहायचे म्हटले की हाल होतात. सात-आठ इंची स्क्रीन आणि छोटासा कळफलक असलेली बिजागरीची यंत्रेही मिळतात. मी त्यांचा भोक्ता आहे, घरात तीन आहेत, आणि तरीही लांब मजकूर मी त्यांवर कधी लिहीत नाही. प्रश्नकर्त्यांचे काम छायाचित्रांचे आहे आणि छायाचित्रांना स्क्रीन लागते, म्हणून त्यांनी या फंदात मुख्य यंत्र म्हणून पडू नये. घेतलाच तर त्यात एसएसडी सहसा ३० मिलिमीटर लांबीची बसते, नेहमीची ८० मिलिमीटरची नव्हे, हे लक्षात ठेवून सुरुवातीलाच पुरेशी जागा असलेला घ्यावा.

आता दोन लॅपटॉपांमधली निवड. हलक्या आणि जड यंत्रांतला फरक फक्त अशा कामात दिसेल जे सलग दोनतीन मिनिटांहून जास्त चालते. एकेक छायाचित्र उघडून रंग सुधारणे हे उसळीचे काम आहे. सरकपट्टी हलवली, प्रोसेसरने क्षणभर जोर लावला, पुन्हा स्वस्थ. त्यात हलके यंत्र मुळीच मागे राहणार नाही. तीनशे छायाचित्रे एकदम एक्सपोर्ट करणे किंवा दहा मिनिटांचा व्हिडिओ बाहेर काढणे हे सलग दमाचे काम आहे. असे काम आठवड्यातून एकदा, तेही रात्री चार्जरला लावून होत असेल तर वीस मिनिटांच्या जागी अर्धा तास लागल्याने कुणाचे काही बिघडत नाही आणि रोज खांद्यावर दोनशे ग्रॅम कमी वाहिलेले बरे. ते रोजचे आणि मुदतीचे असेल तर जड यंत्र घ्यावे. प्रश्नात व्हिडिओचा उल्लेख ‘अधूनमधून’ असा आहे, त्यामुळे माझे मत हलक्या यंत्राकडे झुकते, पण एका अटीवर: त्याची बॅटरी ५० वॅट-तासांच्या खाली नसावी. परीक्षणे वाचताना आकडा कोणत्या मोडमध्ये घेतला आहे तेही पाहावे. जोराच्या मोडमध्ये मिळालेला आकडा आणि शांत मोडमध्ये मोजलेला पंख्याचा आवाज एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहेत.

जुन्या यंत्राबद्दलही एक आठवण सांगणे अस्थानी ठरणार नाही. दोन वर्षांनी मंद झालेला लॅपटॉप बदलायचा म्हणून एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्याला आले होते. खालचे झाकण काढले तर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा एक सलग पट्टा बसला होता, नमद्यासारखा, जाळीच्याच मापाचा. चिमट्याने तो अखंड निघाला. जाळीच्या पट्ट्यांमधली फट मिलिमीटरभरच असते, त्यामुळे धूळ पलीकडे जात नाही, अलीकडे साचत राहते. प्रोसेसरची उष्णता हीट पाइपकडे नेणारी थर्मल पेस्टही प्रोसेसरच्या मध्यातून कडांकडे सरकली होती. तिच्या जागी तापल्यावर मऊ होणारे फेज-चेंज पॅड लावले, कारण पातळ यंत्रांत वारंवार तापण्या-निवण्याने पेस्ट अशी सरकतेच आणि ते पॅड जागचे हलत नाही. आधी ११ वॅटवर अडकलेले यंत्र पुन्हा १९ वॅट सलग पेलू लागले. नवीन लॅपटॉपची खरेदी त्यांनी पुढे ढकलली.

यंत्र हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात, परत करण्याची मुदत संपण्याआधी, तीन गोष्टी कराव्यात. वर सांगितलेली दहा मिनिटांची चाचणी एकदा चार्जर लावून आणि एकदा बॅटरीवर चालवावी आणि दोन्ही वेळा दहाव्या मिनिटाचे वॅट लिहून ठेवावेत. पुढे कधी मंद वाटले तर तुलनेला हाच आकडा उपयोगी पडतो. चार्जरची केबल बदलून पाहावी, कारण टाइप-सी केबल दिसायला सारख्या असल्या तरी साधी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते आणि त्यापुढे आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. आणि एका रात्री झाकण मिटून, चार्जर काढून यंत्र तसेच ठेवावे. नव्या विंडोज लॅपटॉपांत झोप पूर्वीसारखी गाढ नसते, त्या झोपेतही यंत्र इंटरनेटशी जोडलेले असते, आणि एखाद्या ड्रायव्हरने तिला टोचत ठेवले की बंद पिशवीत यंत्र तापत राहते. सकाळी बॅटरी दहा टक्क्यांहून जास्त उतरलेली दिसली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीची स्लीपस्टडी ही आज्ञा चालवावी. रात्रभर कोण जागे होते त्याची यादी तिच्या अहवालात मिळते. त्यातला ड्रायव्हर अद्ययावत करूनही दुसऱ्या रात्री तेच घडले, तर प्रवासात झाकण मिटल्यावर यंत्र हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होईल, अशी सेटिंग करावी. उघडताना दहा-पंधरा सेकंद जास्त लागतील.